मामंजींचं पाला-यंत्र

"हे काय हाय?" आत्याबाईंनी विचारलं.

"कुरडी," मामंजी म्हणाले.

"अन् हे?"

मामंजींनी चष्मा पुसला, कुरडी हातात घेतली आणि एखाद्या यंत्राचा पार्ट तपासावा तशी उजेडाकडे धरून पाहिली. कुरडीच्या पांढऱ्याशुभ्र वेटोळ्यांत निंबाचं एक पिवळं पान अडकून तिथेच वाळलं होतं.

"पान," त्यांनी कबूल केलं.

"निंबाचं पान घालून कुरडी कोणाच्या घरी करतात?"

"एकच तं हाय."

"एक?" आत्याबाईंनी खाटेवर पसरलेल्या वाळवणावरून हात फिरवला. "मोजा मंग."

मामंजींनी मोजलं नाही. फाल्गुन लागला होता आणि अंगणातला निंब पानं गाळायला बसला होता. कुरडया, पापड, मुंगवड्या, शेवया, ज्यात म्हणून पान शिरायला जागा होती त्यात ते शिरलं होतं. आम्ही उभे होतो तेवढ्यातही वरून दोनचार गिरक्या घेत आली आणि एक तर थेट आत्याबाईंच्या अंबाड्यावर बसलं. मी हसू दाबलं.

"धुळवड झाली का शेषराव येते," आत्याबाई म्हणाल्या. "मी सांगून आली त्याले. झाड जाईन."

शेषराव म्हणजे आमच्या दर्यापुरातला झाडं तोडणारा माणूस. मामंजींच्या हातातली कुरडी मोडली.

माझ्या लग्नानंतरचा तो पहिला उन्हाळा. मी अकोल्यात तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. झाड म्हणजे कुंडीतली तुळस आणि पाला म्हणजे कोथिंबिरीची जुडी, एवढीच माझी पोच. आमच्याकडे सासऱ्याला मामंजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामंजी, म्हणजे दौलतराव गावंडे, जिनिंग प्रेसमधून रिटायर झालेले फिटर. सारी उमर कापसाच्या यंत्रांत घातलेली, त्यामुळे बिघडलेलं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे आणि चांगलं चाललेलं दिसलं तर जास्तच. गिरजाबाई, माझ्या आत्याबाई, बोलायला फटकळ. त्यांच्या तोंडी लागायची गल्लीत कोणाची छाती नव्हती, मामंजी सोडून. मामंजी रोज लागायचे आणि रोज हरायचे, आणि दोघांच्याही अंगी ते लागत असावं, कारण दोघंही खणखणीत होती.

पण निंबाच्या बाबतीत मामंजी हरायला तयार नव्हते.

"झाड तोडलं तं मे महिन्यात तू काय करशील?" ते म्हणाले. "स्वयंपाकघरावर टिन हाय. निंबाची सावली गेली तं भाकरी तव्यावर टाकाचीही गरज नाई, नुसती हातावर धर, भाजते."

"माझ्या डोक्यावर पदर हाय. तुम्ही माझी काळजी करू नोका."

"पाडव्याले निंबाचा पाला कोठून आणशील?"

"बजारात भेटते."

मामंजींनी मान वर करून झाडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "अन् मी अंगण साफ ठेवलं तं? एक पान दिसलं नाई पायजे तुले, असं?"

आत्याबाईंनी अंबाड्यावरचं पान काढून टाकलं. "ठेवून दाखवा. मंग पाहू."

त्या "पाहू"वर मामंजींनी झाडाचा जीव टांगला.

मी मध्येच माझी अक्कल चालवली. "आत्याबाई, वाळवणावर एखादी पातळ साडी पसरली तर?"

"वाळवण उन्हात वाळते पोरी, साडीच्या सावलीत नाई," असं म्हणून त्यांनी मला आत पिटाळलं. तोडगा काढायचाच नाही असं ठरवलेल्या माणसासारखं त्यांचं ते बोलणं मला तेव्हा खटकलं होतं. पण नव्या सुनेला खटकलेल्या गोष्टींना कोण विचारतं?

रात्री मी प्रफुल्लला सगळं सांगितलं. प्रफुल्ल माझा नवरा, अमरावतीला बँकेत. सकाळच्या एसटीने जायचा, संध्याकाळच्या एसटीने यायचा आणि मधल्या वेळात घरात काय होतं ते माहीत करून न घेण्यात त्याला मोठं सुख होतं.

"त्या दोघांच्या मध्ये पडू नकोस," तो म्हणाला. "मी लहानपणापासून पडलो नाही, बघ कसा सुखी आहे."

मी पडले. तीही मामंजींच्या बाजूने. खरं सांगायचं तर मला आत्याबाईंचा रागच आला होता. सोन्यासारखं झाड. त्याच्या सावलीत अख्खी गल्ली दुपारी गप्पा मारायला बसते आणि ही बाई चार कुरडयांसाठी ते पाडायला निघाली!

मामंजींचा रोजचा क्रम ठरलेला होता. सकाळी तुरीच्या काड्यांचा खराटा घेऊन अंगण झाडायचं. मग तोच खराटा घेऊन स्वयंपाकघराच्या टिनावर चढायचं आणि तिथला पाला खाली लोटायचा. आत्याबाई तेवढा वेळ हातातलं काम टाकून खाली येऊन उभ्या राहायच्या आणि वर बघत हुकूम सोडायच्या. "तो कोपरा राह्यला. हात जरा लांब करा. अवो, एवढं हळू काऊन? दिवस बुडते." तिकडे आत गॅसवर भाजी करपायची. नवऱ्यावर हुकमत गाजवायच्या हौसेपायी भाजी करपवणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते.

तर, खराट्याने काम भागेना. तुरीचा खराटा मोठ्या पानांना चांगला. निंबाचं पान बोटाच्या पेरापेक्षा थोडं मोठं. ते सारवलेल्या जमिनीला चिकटून बसतं आणि खराट्याच्या दोन काड्यांमधून आरामात मागे राहतं. मामंजींनी शेतातून दाताळं आणलं. त्याच्या दातांतून तर पान आडवं होऊनसुद्धा निसटायचं. मग त्यांनी दाताळ्याला मच्छरदाणीची जाळी शिवली. म्हणजे मी शिवली, त्यांनी उभं राहून सूचना दिल्या. त्याने पानं आली, पण सोबत सारवणाचे पोपडेही आले आणि आत्याबाईंना पुन्हा अंगण सारवावं लागलं. त्या दिवशी आमच्या दोघांच्याही ताटात भाजी जरा कमीच पडली.

"असं नाई होणार," मामंजी म्हणाले. "पोरी, उद्या अमरावती."

अमरावतीच्या त्या दुकानात बागकामाची सगळी अवजारं होती. प्लॅस्टिकचे पंजे, लांब दांड्याचे ब्रश आणि काचेआड मांडलेले दोनतीन ब्लोअर. दुकानातल्या तरुणाने एक ब्लोअर काढून मामंजींच्या हातात दिला.

"काका, हे घ्या. बटण दाबलं की पाला गायब."

"गायब म्हणजे कुठी जाते?"

"जाते ना... तिकडे."

"तिकडे म्हणजे शेजाऱ्याकडे?"

तरुण हसला. मामंजी हसले नाहीत. त्यांनी ब्लोअरच्या तोंडात डोळा लावला. "पंखा किती पात्यांचा? मोटर तापल्यावर वास येते का? अन् हे उलटं चालते का?"

"उलटं म्हणजे?"

"फुकाचं नाई, ओढाचं. फुकला तं पाला माझ्या वाळवणावर जाईन ना बाबू. मले ओढणारं पायजे."

तरुणाने आतून मालकाला बोलावलं. मालकाने ओढणारंही एक दाखवलं. मामंजींनी ते चालू करायला लावलं, तळहात लावून ओढ पाहिली आणि परत केलं. "आमच्या प्रेसमधे असा पंखा असता तं आम्ही चहा निववाले वापरला असता," असं त्यांनी दुकानदाराला अगदी प्रेमाने सांगितलं आणि आम्ही उसाचा रस पिऊन परत निघालो. एसटीत मामंजी खिडकीच्या काचेवर बोटाने काहीतरी काढत होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात उडवणी पंखा आला. मळणीनंतर धान्यातला भुसा उडवायचा तो लोखंडी पंखा शेतावरच्या कोठ्यात गंज खात पडला होता. मामंजींनी तो खोलला, धुतला, तेल पाजलं. तेलाचे जुने पिपे कापून त्याला चहूबाजूंनी पत्र्याचं पोट केलं. पुढे भंगारातून आणलेला वीतभर रुंद रबरी पाइप. मागे पत्र्याचा उभा नळ आणि नळाच्या तोंडाला बांधलेलं गोणपाट. जुन्या कुलरची मोटर काही पुरली नाही, म्हणून विहिरीवरच्या पंपाची बसवली. या सगळ्यात मी पाना, पक्कड, नट आणि चहा पुरवत होते. सासरी आल्यापासून इतकी मजा मला कशातच आली नव्हती.

"हे सारं शिकले कुठे मामंजी?" मी विचारलं.

"प्रेसमधे. पाय, जिनात कापूस कोणी हाताने उचलत नाई. पंख्यानं ओढाचा, पायपातून वर चढवाचा अन् वरून मशीनमधे उतरवाचा. कापूस काय अन् पाला काय, हवेले सारखेच."

आत्याबाई ओसरीवरून पाहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "तू बी त्याहीच्यासारखीच निघाली." शिवी दिली की कौतुक केलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

होळी झाली. धुळवड झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच शेषराव आरी खांद्यावर टाकून दारात हजर. त्यातही आत्याबाईंनी वाळवण मुद्दाम आज पहाटेच मांडलेलं. अंगणभर पिवळा सडा पडलेला होता.

"थांब शेषराव," मामंजी म्हणाले. "चहा पी. तुले आज चहाच प्याचा हाय."

शेषराव आरी मांडीवर घेऊन ओसरीवर बसला. आत्याबाई त्याच्या बाजूला उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून. मी रबरी पाइप धरला आणि मामंजींनी बटण दाबलं.

घरातले सगळे दिवे मिचमिचले. पंखा घरघरला, दचकला आणि मग असा काही गर्जायला लागला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून उभी राहिली. मी पाइपचं तोंड जमिनीपाशी नेलं आणि पानं धावत सुटली! वर्गात घंटा व्हावी आणि पोरं दाराकडे पळावीत तशी. मी पाइप फिरवत गेले, मागे सारवलेली जमीन स्वच्छ निघत गेली. कोपऱ्यातली पानं, तुळशीवृंदावनामागची पानं, खाटेच्या पायांत अडकलेली पानं. खाटेच्या फार जवळ गेल्यावर एक पापडही गेला आणि त्याच्या मागोमाग माझा पदर. मामंजींनी तो दोन्ही हातांनी ओढून काढला.

"चालू दे!" ते ओरडले. आनंदाने त्यांचा चेहरा लाल झाला होता.

अंगण संपलं. मामंजींनी बटण बंद केलं. गर्जना हळूहळू विरली. शेषराव कपबशी खाली ठेवून म्हणाला, "वा भाऊ! अंगण हाय का आरसा?"

मामंजी आत्याबाईंकडे वळले. "बोल आता."

आत्याबाई अंगणाकडे पाहतच नव्हत्या. त्या वर पाहत होत्या.

मग आम्हीही वर पाहिलं. नळाच्या तोंडाचं गोणपाट पहिल्याच झटक्यात सुटून तुळशीत जाऊन पडलं होतं. खाली बघण्याच्या नादात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि नळ तर मामंजींनी सरळ वर काढलेला. प्रेसमध्ये कापूस वर जातो, म्हणून इथेही वर. जन्मभराच्या सवयीने त्यांच्या मनात दुसरी दिशा आलीच नव्हती. अंगणातला सगळा पाला स्वयंपाकघराच्या टिनावर जाऊन बसला होता. टिन दिसतच नव्हतं. शेवटची काही पानं अजून हवेत होती, ती सावकाश खाली येऊन बाकीच्यांत मिसळली.

शेषरावाला ठसका लागला. मी तोंडात पदराचा बोळा कोंबला. मामंजी स्वतःही हसायला लागले.

"काही बिघडलं नाई," ते म्हणाले. "नळाचं तोंड उद्या खाली वळवतो. अन् हा पाला काय, आता उतरवतो." आणि हसत हसतच त्यांनी भिंतीला टेकलेली शिडी सरकवली, धोतर खोचलं, खराटा बगलेत मारला आणि ते शिडी चढू लागले.

"खाली या," आत्याबाई म्हणाल्या.

"अवं, दोन मिनिटं."

"खाली या म्हणतो ना!"

हा आवाज मी ऐकला नव्हता. फटकळपणाचा नव्हता तो. मामंजी दुसऱ्या पायरीवर थांबले.

"शेषराव, ऊठ," आत्याबाई म्हणाल्या. "झाड आजच पाड."

"काऊन?" मामंजींना खरंच कळेना. "आपली बोली काय होती? एक पान नाई राह्यलं अंगणात."

"अंगणातल्या पाल्याचं कोणाले पडलं हाय!"

 आत्याबाईंनी पदर घट्ट आवळून धरला होता.

"मागच्या साली टिनावरून पाय घसरला तुमचा. पन्हाळी धरून लटकले होते. खाली मी होती. मले म्हणाले, कोणाले सांगू नोको. नाई सांगितलं. पोटच्या पोराले नाई सांगितलं. पण तवापासून एक पान पडलं का मले ती पन्हाळी दिसते. रोज तुम्ही वर चढता अन् मी खाली उभी राहतो. तोंडाले येईन ते बोलतो. काऊन का बोलणं थांबलं तं माझे पाय कापतात. तुम्हाले सांगून तुम्ही ऐकणार थोडेच? मले म्हणाल, भितरी हाय. माझ्याच्यानं नाई होत आता. झाड गेलं तं पाला जाईन. पाला गेला तं तुम्ही वर जाणार नाई. कुरडीत पान असलं तं मले काय करायचं हाय? मी कडू कुरडी खाईन जन्मभर."

मामंजी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर तसेच उभे होते, बगलेत खराटा. करपलेल्या भाज्या, ते हुकूम, तो रोज राहून जाणारा कोपरा, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी इतके दिवस कोणावर रागावले होते?

मामंजी उतरले. त्यांनी खराटा भिंतीला लावला. मग शिडी उचलली आणि ओसरीपाशी नेऊन शेषरावापुढे आडवी टाकली.

"शेषराव, हे तोड."

शेषरावाने शिडीकडे पाहिलं. "भाऊ, सागाची हाय. अशी आता भेटत नाई."

"मीच बनवली. मले माहीत हाय कशाची हाय. आरी आणली ना तू? मंग तोड."

आता आत्याबाई पुढे आल्या. "अवो, चांगली शिडी हाय. तोडता कशाले? देऊन टाका कोणाले."

"दिली तं उद्या मागून आणीन," मामंजी म्हणाले. "मी मले ओळखतो."

शेषरावाने आरी लावली. सागाचा भुसा ओसरीवर पडू लागला, त्याचा वास घरभर झाला. मामंजी खांबाला टेकून शेवटचा तुकडा पडेपर्यंत पाहत होते. आत्याबाई त्यांच्या जवळ जाऊन उभ्या राहिल्या. कोणी कोणाचा हात धरला नाही, काही नाही. पण मला त्या घराचा फार हेवा वाटला, आणि मग आठवलं की हे घर आता माझंच आहे.

नळाचं तोंड मामंजींनी खाली वळवलं. पुढची कितीतरी वर्षं त्या यंत्राने आमचं अंगण झाडलं. गल्लीतल्या बायका वाळवणाच्या दिवसांत ते मागून न्यायच्या आणि म्हैस प्रत्येक वेळी दावं तोडायची. टिनावरचा पाला मात्र त्या वर्षी तसाच राहिला. वैशाख आला, निंब नव्या पालवीने गच्च भरला, खाली सावली पडली, आणि मामंजींना तो वरचा पाला काही झोप येऊ देईना. एका दुपारी ते खाटेवर पडून वर बघत होते. आत आत्याबाई कणीक मळत होत्या आणि मी भाजी निवडत होते.

"वर लई साचलं वं," मामंजी बाहेरून म्हणाले.

"साचू द्या," आतून.

"टिन सडेन."

"सडू द्या."

 मग पुन्हा, "लोकं काय म्हणतीन?"

आत्याबाई कणकेचे हात घेऊनच बाहेर गेल्या. आधी टिनाकडे पाहिलं, मग खाटेकडे.

"तुम्ही खाली हाय ना?"

"हाव."

"मंग झालं," त्या म्हणाल्या, आणि कणीक मळायला आत आल्या.